कोकणातील परसबागेची भारी चिकण माती : सुधारणेचा वर्षभराचा क्रम

कोकणातली जमीन म्हटली की तांबडी, खडकाळ, पाणी न धरणारी जांभ्याची जमीन आठवते. घराभोवतीच्या परसात मात्र पुष्कळदा वेगळेच हाताला लागते. कोठे भाताचे खाचर भरून घर उभे राहिलेले असते, कोठे उतार तोडून जागा सपाट करताना जेसीबीने तळातली माती वर पसरलेली असते, तर खाडीकाठच्या गावांत जमीन मुळातच गाळाची आणि चिकट असते. अशा जागेत आषाढात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि फाल्गुनात कुदळीचा घाव उसळून परत येतो. हौसेने लावलेली जास्वंद भर पावसात पिवळी पडते, मिरचीला मर लागते, आणि मग घरात वाळूचा ट्रक मागवण्याची चर्चा सुरू होते.

वाळूचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. त्याची कारणे पुढे दिली आहेत. चिकण माती स्वभावतः नापीक नसते. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असल्यामुळे ती पाणी आणि अन्नद्रव्ये इतर मातीपेक्षा अधिक धरून ठेवते. बिघडलेली असते ती या कणांची रचना, आणि कोकणात ती बिघडवण्यात साचलेल्या पाण्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून कामाचा क्रम असा धरावा: आधी पाण्याला वाट, मग योग्य ओलीत मशागत, आणि त्यानंतर सेंद्रिय खत. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा झालेला दिसतो. शेणखताचा ट्रेलर आधी येतो आणि चर खणण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते. त्या खताचा बराचसा भाग पहिल्याच पावसाळ्यात वाया जातो.

माती कोणती आहे ते आधी ठरवावे

कोकणातली चिकण माती एका जातीची नाही, आणि एका जातीवरचा उपाय दुसरीला अपायकारक ठरू शकतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याच्या थराखाली पांढरट, गुलाबी किंवा पिवळसर, साबणासारखी मऊ माती लागते. ती फारशी फुगत नाही आणि तिला मोठ्या भेगाही पडत नाहीत. परंतु ती आम्ल असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरद (फॉस्फरस) घट्ट बांधून ठेवतात. भाताच्या खाचरातल्या मातीची अडचण निराळी आहे. वर्षानुवर्षे चिखलणी केल्यामुळे तिच्यात साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोलीवर एक घट्ट थर तयार झालेला असतो. भातासाठी तो हवाच असतो, कारण त्याच्याचमुळे खाचरात पाणी टिकते; पण भाजीची आणि फुलझाडांची मुळे त्याच थरावर अडून कुजतात. पालघर, ठाणे आणि रायगडच्या काही भागांत बेसॉल्टपासून झालेली काळसर माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा देते. चौथा प्रकार खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, जिच्यात सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात.

यांपैकी आपल्या वाट्याला काय आले आहे, हे तीन घरगुती चाचण्यांनी बरेचसे कळते. पहिल्या चाचणीसाठी लिंबाएवढी माती ओली करून चांगली मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवावी. ५ सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली, तर माती भारी चिकण आहे असे समजावे. दुसऱ्या चाचणीत एक वाळलेले, सुपारीएवढे ढेकूळ काचेच्या ग्लासात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे आणि ग्लास न हलवता काही तास ठेवावा. विहिरीच्या पाण्यातील क्षारांमुळे निष्कर्ष चुकतो, म्हणून पावसाचेच पाणी घ्यावे. ढेकूळ विरघळून खाली बसले पण पाणी स्वच्छ राहिले, तर मातीत सेंद्रिय पदार्थांची उणीव आहे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ पट्टा तयार झाला, तर सोडियमची शंका घ्यावी.

तिसरी चाचणी निचऱ्याची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. पाऊस ओसरल्यावर ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणावा, तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, तर निचरा वाईट आहे. खड्डा खणताना मातीचा रंगही पाहावा. राखाडी मातीत तांबूस-पिवळे ठिपके दिसत असतील, तर त्या खोलीवर पाणी पावसाळ्यात दीर्घकाळ तुंबून राहते. मोजलेला आकडा आणि ठिपक्यांची खोली वहीत लिहून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी तुलनेसाठी तीच उपयोगी पडते.

याच सुमारास माती परीक्षणासाठी नमुना काढावा. परसातल्या पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन त्यांच्या बाजूची पातळ चकती काढावी, सर्व माती सावलीत वाळवून एकत्र करावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहावे. नुकतेच खत किंवा राख टाकलेली जागा वगळावी. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात (पालघरमध्ये कोसबाड, रायगडमध्ये रोहा, रत्नागिरीत लांजा, सिंधुदुर्गात किर्लोस) चौकशी करून नमुना द्यावा. अहवालात सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे ते), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आधी पाहावेत.

पाण्याला वाट करून देणे

दक्षिण कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर एवढा पाऊस पडला, तर सुमारे ३ लाख लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणात उतरते. परसातला चिखल मातीमुळे आहे असे आपण म्हणतो. पण पुष्कळ घरांत तो छपराच्या पाण्याचा असतो. म्हणून निचऱ्याचे काम वाफ्यापासून न करता घरापासून सुरू करावे. पन्हळ बसवून पाणी एका कोपऱ्यात उतरवावे आणि तेथून ते पक्क्या नालीने बागेबाहेर किंवा साठवणीच्या टाकीत न्यावे. पन्हळ शक्य नसेल, तर पागोळीच्या रेषेखाली जांभ्याच्या कपच्यांची एक ओळ भरावी, म्हणजे थेंबांच्या माऱ्याने माती चोपली जात नाही.

त्यानंतर वरच्या अंगाने येणारे पाणी अडवावे. परस उतारावर असेल, तर बागेच्या वरच्या कडेला ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल आडवा चर घ्यावा आणि त्याला मीटरला एक सेंटिमीटर एवढा हलका उतार देऊन तो कडेच्या पऱ्यात (ओहोळात) सोडावा. उतार जास्त दिला, तर चर पहिल्याच मुसळधार पावसात खचतो आणि अजिबात न दिला, तर तोच डासांचे डबके होतो. चरात जांभ्याचे तुकडे भरल्यास त्याच्या कडा ढासळत नाहीत. काही जण चरात नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची टरफले, भरतात. ती पाणी शोषून धरून ठेवतात, म्हणून निचऱ्याच्या चरात ती नकोत. उन्हाळ्यात ओल टिकवण्यासाठी नारळाच्या आळ्यात मात्र ती उत्तम काम देतात.

जुन्या खाचरात बाग करायची असेल, तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. खाचराचा बांध पाणी अडवण्यासाठीच घातलेला असतो आणि घर झाल्यावरही तो तसाच राहतो, किंवा त्याच्या जागी चिऱ्यांचा गडगा किंवा सिमेंटची भिंत येते. सर्वांत खालच्या कोपऱ्यात बांध फोडून पाण्याला तोंड करावे आणि भिंत असेल, तर तिच्या तळाशी पाइप घालावा. हे पाणी शेजारच्या परसात उतरणार नाही, याची आधी बोलून खात्री करून घ्यावी. कोकणात पाण्याच्या वाटेवरून झालेली भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

वाफसा आणि मशागत

चिकण माती ओली असताना खणली, तर तिचे कण दाबले जाऊन ढेकळे बनतात आणि ती पुढचा पूर्ण हंगाम फुटत नाहीत. कोरडी असताना खणणे तर अशक्यच असते. या दोहोंच्या मधली स्थिती, म्हणजे वाफसा, भारी मातीत फार थोडे दिवस टिकते. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने टिचकी मारावी. गोळा भुसभुशीत होऊन फुटला तर वाफसा आहे, नुसता दबला तर थांबावे, आणि गोळाच होत नसेल तर हलके पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे.

कोकणात मशागतीचा खरा काळ हस्ताचा पाऊस संपल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासूनचा आहे. उंचावरच्या परसात वाफसा लवकर येतो, खालच्या खाचरात तो नोव्हेंबरपर्यंत लांबतो. मे महिन्यातील वळवाच्या सरींनंतरही काही दिवस मिळतात. तो काळ बेभरवशाचा असतो. मोकळी केलेली माती मृगाच्या पावसात उघडी सापडली, तर झालेले काम वाया जाते. मुख्य खणणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकावी.

खणताना वरची २० सेंटिमीटर माती एका बाजूला काढून ठेवावी आणि खालचा थर टिकाव, पहार किंवा चार दातांचा गार्डन फोर्क वापरून जागच्या जागी सैल करावा. तो उलटून वर आणू नये, कारण खालच्या मातीत सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात. खाचरातला घट्ट थर याच वेळी फोडावा. तो फुटल्याचे हाताला स्पष्ट कळते. सपाट पात्याचे फावडे भारी मातीत शक्यतो टाळावे, कारण त्याच्या पात्याने मातीच्या भिंती घासून गुळगुळीत होतात आणि मुळे त्यांत शिरत नाहीत. पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटरबद्दलही मी सावधच राहीन. एका दिवसात सुंदर भुसभुशीत दिसणारी माती त्याच्या फिरत्या पात्यांखाली एक नवा घट्ट थर धरते, आणि वरचा बारीक चुरा पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा बसतो. एवढी खोल खणणी एकदाच करायची आहे. दरवर्षी खणत राहिल्यास मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटा आपणच मोडतो.

मग गादीवाफे बांधावेत. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचेल इतपत, म्हणजे एक ते सव्वा मीटर रुंदी पुरे. उंची देशावर १५ सेंटिमीटर चालते. कोकणच्या पावसाला २५ ते ३० सेंटिमीटर हवी. मधल्या वाटा ४५ सेंटिमीटर ठेवून त्यांचीच माती वाफ्यावर चढवावी, म्हणजे वाटा आपोआप चर होतात, आणि त्यांचा उतार आधी केलेल्या मुख्य चराकडे न्यावा. वाफ्यांच्या कडेला चिरे लावता येतात, किंवा वाळा आणि गवती चहा यांची दाट ओळ लावली तर ती कड धरून ठेवते आणि मुळांनी माती मोकळीही करते. वाफा बांधल्यावर त्यावर कधीही पाय देऊ नये. घरातल्या मुलांना आणि कुत्र्यांना हे समजावणे हाच या कामातला कठीण भाग आहे.

काय मिसळावे आणि किती

पहिल्या वर्षी वाफ्यावर चांगल्या कुजलेल्या खताचा ५ सेंटिमीटर जाडीचा थर पसरून तो वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळावा. १० चौरस मीटरच्या वाफ्याला त्यासाठी ५०० लिटर, म्हणजे १२ लिटरच्या घमेल्याने सुमारे ४२ घमेली खत लागते. आकडा ऐकून पुष्कळ जण दचकतात आणि पाच-सहा घमेल्यांवर काम भागवतात. त्यापेक्षा पहिल्या वर्षी वाफेच थोडे करावेत आणि ते नीट करावेत. पुढच्या प्रत्येक वर्षी दोन-अडीच सेंटिमीटरचा थर नुसता वर पसरणे पुरते. कोकणच्या उष्ण आणि दमट हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतात, त्यामुळे एकदा भरपूर घालून दहा वर्षे निवांत राहणे येथे शक्य नाही.

साहित्य गावातच मिळते. जुने शेणखत सर्वांत चांगले. आंबा, काजू आणि फणस यांचा पातेरा भरपूर असतो. पण ही पाने चिवट असल्याने ती तशीच गाडू नयेत. कोयत्याने किंवा यंत्राने बारीक करून, शेणकाल्याचे थर देत सावलीत ढीग रचावा आणि महिन्यातून एकदा उलटावा. पाच-सहा महिन्यांत चांगले खत तयार होते, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गोळा केलेला पातेरा बरोबर दिवाळीच्या मशागतीला उपयोगी येतो. गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) कोवळी पाने लवकर कुजतात आणि नत्र (नायट्रोजन) देतात. कुंपणाला त्याच्या फांद्या रोवल्या की दरवर्षी दोन-तीन छाटण्या मिळतात. भाताचे तूस माती पोकळ ठेवते, मात्र ताजे तूस किंवा पेंढा थेट मातीत मिसळला, तर ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. काथ्याच्या भुशात क्षार असतात, म्हणून तो पाण्याने दोन-तीनदा धुऊन किंवा शेणाबरोबर कुजवूनच घ्यावा. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा जाळण्याची सवय अजून अनेक गावांत आहे. रोपांच्या तरव्यापुरते (रोपवाटिकेपुरते) तिचे समर्थन करता येईल. परंतु चिकण मातीला जे हवे असते नेमके तेच त्या आगीत जळून जाते आणि मागे मूठभर राख उरते.

आता वाळूविषयी. चिकण मातीत थोडी वाळू घातली, तर बारीक कण वाळूच्या कणांमधली जागा भरून काढतात आणि मिश्रण आधीपेक्षा टणक होते. परिणाम दिसण्यासाठी मातीच्या जवळजवळ निम्मी वाळू लागेल, जे परसातही परवडणारे नाही. त्यातून किनाऱ्यावरची वाळू खारी असते, आणि तिचा उपसा सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार निषिद्ध आहे.

चुना आम्ल मातीपुरताच वापरावा. अहवालात सामू ५.५ च्या खाली असेल, तर दर चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम कृषी चुना पुरेसा असतो. शेणखत आणि चुना एकाच दिवशी मिसळू नयेत, कारण त्याने नत्राचा वायू होऊन उडून जातो. दोहोंमध्ये दोन-तीन आठवडे ठेवावेत. जांभ्याच्या मातीत स्फुरदासाठी हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट द्यायचे असेल, तर ते सगळीकडे न पसरता शेणखतात मिसळून रोपाच्या मुळांजवळ द्यावे. जिप्सम हे फक्त सोडियमयुक्त जमिनीचे औषध आहे. क्षारता ४ डेसिसायमन्स प्रतिमीटरपेक्षा जास्त किंवा सामू ८.५ च्या वर असल्यास त्याची मात्रा प्रयोगशाळेला विचारूनच ठरवावी. जिप्सम घातल्यावर सुटणारे सोडियम पावसाबरोबर वाहून जाण्यासाठी निचरा तयार असावा लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तांबड्या आम्ल मातीत जिप्सम घालण्यात काही अर्थ नाही.

मिठाचाही उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. नारळाच्या आळ्यात मीठ घालण्याची चाल किनाऱ्यावर जुनी आहे, आणि रेताड आगरात ती खपून जाते. भारी चिकण मातीत मात्र त्यातील सोडियम कणांची रचना मोडतो. भाजीचे वाफे नारळाच्या लगत असतील, तर ही चाल बंद करावी.

जमीन उघडी ठेवू नये

मशागतीनंतर पहिले पीक म्हणून वाल, पावटा, चवळी किंवा कुळीथ घ्यावे. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर ही पिके कोकणात पूर्वापार घेतली जातात, भारी माती त्यांना मानवते, आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे नत्रही मिळते. अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतरच्या जमिनीतच पिकतो, तेव्हा खाचराच्या मातीला कमी लेखण्याचे कारण नाही. पीक निघाल्यावर रोपे उपटू नयेत. जमिनीलगत कापून मुळे आत कुजू द्यावीत. फेब्रुवारीपासून पेंढ्याचे किंवा चिरलेल्या झावळ्यांचे ७ ते ८ सेंटिमीटर आच्छादन द्यावे, म्हणजे भेगा पडत नाहीत. वाळवीचा उपद्रव असलेल्या जागी ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे.

मृगाच्या सुमारास रिकाम्या वाफ्यांवर ताग किंवा धैंचा दर चौरस मीटरला ५ ते ६ ग्रॅम बी या प्रमाणात फेकावा. पाणी साचणाऱ्या किंवा किंचित खाऱ्या जागेत धैंचाच घ्यावा, कारण ताग साचलेल्या पाण्यात तग धरत नाही. साधारण ४५ दिवसांनी, फुलावर येताना, तो कापून वाफ्यावरच पसरावा. पुस्तकांत तो लगेच गाडण्यास सांगितलेले असते. श्रावणातल्या ओल्या चिकण मातीत कुदळ घालणे म्हणजे वर्षभराचे काम बिघडवणे होय. भर पावसात वाफ्यात उतरूच नये. गोगलगायी वाढल्या, तर आच्छादन पातळ करून त्या संध्याकाळी वेचाव्यात.

झाडे लावताना

भारी मातीत मीटरभर खोल खड्डा घेऊन तो शेणखत आणि पोयट्याने (गाळाच्या मातीने) भरला, तर भोवतालचे सगळे पाणी त्या सैल मातीत उतरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने कलमाची मुळे पाण्यात बुडून राहतात. आंबा आणि काजू यांना हे अजिबात सोसत नाही. येथे खड्डा उथळ घ्यावा, त्याच्या बाजू पहारीने ओरबाडून खडबडीत कराव्यात, काढलेल्या मातीतच एक चतुर्थांश खत मिसळावे आणि कलम ३० ते ४५ सेंटिमीटर उंच, मीटर-दीड मीटर रुंद उंचवट्यावर लावावे. उतार असल्यास खालच्या बाजूने लहानसा चर काढून खड्ड्याच्या तळाचे पाणी बाहेर सोडावे. परसाचा सर्वांत सखल कोपरा मात्र सुधारण्याच्या भरीस पडू नये. तेथे अळू, कर्दळ, सोनटक्का आणि केळी आनंदाने वाढतात, त्यातही केळी थोड्या उंचावर.

पुढच्या ऑक्टोबरात त्याच वाफ्यालगत निचऱ्याचा खड्डा पुन्हा खणून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावा. पाणी उतरण्याचा वेग वाढला असेल, मातीत गांडुळे दिसत असतील आणि ढेकूळ बोटांनी कोपऱ्यांवर फुटत असेल, तर पुढचा थर नुसता वर पसरावा आणि कुदळ लावू नये. वेग तेवढाच राहिला असेल, तर खताचे प्रमाण वाढवण्यापूर्वी चराचे तोंड पाहावे. ते बहुधा गाळाने, पातेऱ्याने किंवा कोणीतरी घातलेल्या कुंपणाने बंद झालेले सापडते.